नर हत्तीला घर कुठे?

दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातला शंकर हा आफ्रिकन हत्ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी मेला. वय अवघं २९. झिंबाब्वेनं भारताच्या राष्ट्रपतींना भेट म्हणून पाठवलेलं हे पिल्लू जोडीदारासह आलं होतं. जोडीदार गेला आणि शंकरनं पुढची कितीतरी वर्षं स्वजातीचं दुसरं कुणी न पाहता काढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेनं त्याच्या हालांवरून दिल्लीचं सदस्यत्व निलंबित केलं. त्याच्या पायांतल्या साखळ्या निघाल्या, पण सोबत काही मिळाली नाही.

शंकर नर होता, आणि त्याच्या कहाणीतली ही मला सर्वांत महत्त्वाची बाब वाटते. हत्तींच्या कैदेविषयी आपण बोलतो ते माद्या आणि पिल्लं डोळ्यांपुढे ठेवून. संस्थेची खरी परीक्षा मात्र नर घेतो: पाच टनांचा, वर्षातून एकदा माजावर येणारा, पन्नास-साठ वर्षं जगू शकणारा नर. त्याचं काय करायचं यावर दोन प्रामाणिक मतं आहेत. ती इथं दोघांच्या तोंडी घातली आहेत. मामा निवृत्त पशुवैद्य. सगळी नोकरी प्राणिसंग्रहालयात झाली. भाची कर्नाटकातल्या जंगलांत नर हत्तींचा अभ्यास करते.

भाची : मामा, शंकरच्या बातमीनंतर मला एकच विचारायचंय. नर हत्ती प्राणिसंग्रहालयात ठेवायचाच कशाला? रानात त्याला शेकडो चौरस किलोमीटरचा मुलूख लागतो. माजाच्या दिवसांत त्याला जवळ कुणी आलेलं खपत नाही. अशा जनावराला भिंतीआड कोंडून कुणाचं भलं होतं?

मामा : शंकरपुरता मी तुझ्याच बाजूला आहे. हत्ती सहा महिन्यांहून जास्त एकटा ठेवू नये, अशी आपल्याकडे २००९ पासून सरकारी सूचना आहे. सूचना कागदावर राहिली. पण त्यावरून तू काढतेस तो निष्कर्ष मला पटत नाही. शंकरचं वाटोळं दोन गोष्टींनी केलं. एक, देशादेशांत भेट म्हणून सुटी पिल्लं पाठवायची रीत. दुसरी, नर एकटाच असतो ही समजूत. आमच्या धंद्यात ती इतकी मुरली होती की नराचा हत्तीखाना वेगळा, मैदान वेगळं आणि त्यात तो एकटा, असंच बांधकाम पिढ्यान्‌पिढ्या होत आलं.

भाची : चार महिने रानात काढले तर ही समजूत टिकत नाही. नर बारा-पंधराव्या वर्षाच्या सुमाराला आईचा कळप सोडतो हे खरं, पण सोडून तो दुसऱ्या नरांकडे जातो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातल्या अभ्यासात, शेतीच्या मुलखात वावरणारे तरुण नर मोठे आणि टिकाऊ गट करून राहताना दिसले. धोका वाढला तशी त्यांनी सोबत वाढवली. मी स्वतः पाहिलंय. पाणवठ्यावर एक जुना टस्कर उभा असतो. पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगेला नर बाजूबाजूनं, कान पाडून, जवळजवळ मागे सरकत त्याच्याकडे येतो. मग सोंड पुढे करून तिचं टोक म्हाताऱ्याच्या तोंडात घालतो. म्हातारा काही करत नाही, फक्त ते घालू देतो. एवढं झालं की पोरगा सैल पडतो आणि त्याच्या शेजारी पाणी प्यायला लागतो. हे शिक्षण शंकरला कुणी दिलं असतं?

मामा : कुणीच नाही. आणि म्हणूनच मी म्हणतो की आधी प्रश्न नीट मांडू. नर ठेवणं अवघड का? पहिलं कारण माज. डोळा आणि कान यांच्या मधली ग्रंथी फुगते, तेलकट स्राव गालावरून तोंडापर्यंत ओघळतो, लघवी थेंबथेंब गळत राहते, मागचे पाय भिजतात, खाणं कमी होतं. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन कित्येक पटींनी चढतं. हे काही आठवडे चालतं, धडधाकट प्रौढ नरात काही महिनेसुद्धा. हा आजार नव्हे. चांगलं खाऊनपिऊन असलेल्या नराची ती निरोगी अवस्था आहे. आफ्रिकन हत्तीतही माज असतो हे जॉइस पूल आणि सिंथिया मॉस यांनी १९८१ मध्ये दाखवलं. आपल्याकडे हे हजारो वर्षं माहीत होतं.

भाची : माहीत होतं आणि तरी आपण त्यावर साखळी हाच उपाय शोधला. माजावरचा हत्ती मी एका देवळाच्या आवारात बांधलेला पाहिलाय. पुढचा एक पाय एका झाडाला, मागचा दुसऱ्या झाडाला. माहूत जवळ जाऊ शकत नाही, म्हणून चारा लांबून फेकायचा, पाणी नळीनं सोडायचं. लीद उचलता येत नाही, म्हणून तो तिच्यातच उभा. साखळी घोट्याला घासून कातडं जातं, जखमेवर माश्या बसतात, अळ्या पडतात, आणि औषध लावायला हात पोचत नाही. माज लवकर उतरावा म्हणून खुराक तोडतात. म्हणजे निरोगीपणाची शिक्षा उपासमार! हे महिना-दोन महिने, दर वर्षी.

मामा : हे प्राणिसंग्रहालयातही झालंय. त्याचा इतिहास तर याहून भयंकर आहे. चुनी नावाचा भारतातून नेलेला नर लंडनला स्ट्रँड रस्त्यावरच्या एका इमारतीत, तेही वरच्या मजल्यावर, लाकूड आणि लोखंडाच्या पिंजऱ्यात ठेवला होता. दर वर्षी माज आला की पिंजरा हादरायचा. १ मार्च १८२६ रोजी शिपाई बोलावले आणि दीडशेच्या वर गोळ्या घालून त्याला मारला. नंतर लंडनच्याच प्राणिसंग्रहालयात जम्बो आला. रात्री तो खोलीच्या भिंतींना धडका मारायचा, सुळे झिजवून खुंट केले होते. अधीक्षक बार्टलेट यांना वाटलं हा आता माजावर येऊन माणसं मारणार. १८८२ मध्ये तो अमेरिकेतल्या बार्नमच्या सर्कशीला विकला. तीन वर्षांनी कॅनडात रेल्वेखाली मेला. अलीकडे त्याचा सांगाडा तपासला तेव्हा दाढा वेड्यावाकड्या वाढलेल्या निघाल्या. मऊ गवतावर पोसल्यामुळे त्या झिजल्याच नव्हत्या. म्हणजे रात्रीचा तो थयथयाट बहुधा दाढदुखीचा होता.

भाची : बघा! नर काही करो, त्याचा अर्थ ठरलेलाच: माज, बेफामपणा, धोका. दुखणं कुणी शोधत नाही.

मामा : कबूल. पण जम्बोची दाढ बघायची कशी, हे सांग. तीन मीटरहून उंच, चिडलेला नर. तोंडात हात घालणार कोण? साखळीशिवाय आणि मारहाणीशिवाय नराला तपासता येईल अशी रचना त्या काळी नव्हती. आज आहे, आणि माझा सगळा मुद्दा तिथंच आहे.

भाची : भिंती जाड केल्या एवढंच ना?

मामा : नाही. माणूस आणि नर एका जागेत येणारच नाहीत, हे आधी ठरवलं. १९९० च्या आसपास कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला ही पद्धत नीट बसवली गेली. डॉल्फिनसारखे सागरी प्राणी शिकवणाऱ्यांचं तंत्र त्यात वापरलं. त्याला प्रोटेक्टेड कॉन्टॅक्ट म्हणतात. अंकुश नाही, साखळी नाही. लांब काठीच्या टोकाला एक मऊ चेंडू. हत्तीनं त्या चेंडूला कपाळ लावलं की शिट्टी वाजते आणि फळाचा तुकडा मिळतो. नाही लावलं तर काही होत नाही. त्याला नको असेल तर तो उठून जाऊ शकतो, हा या पद्धतीचा कणा आहे. हळूहळू तो कठड्याच्या खिडकीतून पाय बाहेर ठेवायला शिकतो.

ते काम जवळून बघ एकदा. कठड्याला खाली एक चौकोनी खिडकी आणि तिच्यात आडवी पट्टी. नर येतो, पाय उचलतो, तळवा वर करून त्या पट्टीवर टेकवतो. तळव्याला भेगा, भेगांत खडे, नखाच्या कडेला बारीक चीर. रखवालदार बाहेर बुटक्या स्टुलावर बसून चाकूनं मेलेलं कातडं सोलतो, कानशीनं नख घासतो, चीर धुतो. पाच-पाच मिनिटांनी दुसरा माणूस वरून गाजर देतो. कानासाठी वेगळी फट असते. कान बाहेर आला की मागच्या शिरेतून रक्त काढता येतं. तोंड उघड म्हटलं की जबडा वर करतो, टॉर्च मारून दाढा दिसतात. कैदेतले हत्ती पायाच्या संसर्गानं आणि सांधेदुखीनं मरतात, म्हणून ही नखं घासणं म्हणजे आयुष्य वाढवणं आहे. अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांना २०१४ पासून हत्तीच्या जागेत माणसानं वावरायचं नाही असा दंडकच झाला. आणि माणसाला वाट, हत्तीला अडसर हे तत्त्व आपल्याला काही नवं नाही. बडोद्याला खंडेराव गायकवाडांच्या काळात हत्तींच्या झुंजी व्हायच्या. साठमारीच्या, म्हणजे माणसानं हत्तीशी झुंजायच्या, मैदानाच्या भिंतीत माणूस निसटेल पण हत्ती अडेल इतके अरुंद दरवाजे होते. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशानं ते लिहून ठेवलंय. कोल्हापुरातही साठमारी होती. आज त्याच मापानं खांब रोवतात, फक्त हत्तीला पिसाळवण्याऐवजी त्याला शांत ठेवण्यासाठी.

भाची : पद्धत चांगली आहे, मी नाकारत नाही. अंकुशापेक्षा हजारपट बरी. पण तुम्ही मला पाय दाखवलात, मी विचारते तो पाय चालणार कुठे? अमेरिकी मानकात एका हत्तीमागे बाहेरची जागा किमान ५,४०० चौरस फूट. म्हणजे आपले पाच गुंठे. रात्रीची खोली नरासाठी ६०० चौरस फूट, मुंबईतल्या वन बीएचकेएवढी. माझ्या अभ्यासातला एखादा नर एका रात्रीत टेकडी ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात जातो. पाच गुंठ्यांत तो काय करेल? लॉस एंजेलिसचा बिली घ्या. १९८९ मध्ये मलेशियातून लहानपणी आणलेला आशियाई नर. श्रीमंत शहर, नव्यानं बांधलेलं आवार, खटले झाले, आंदोलनं झाली. तो उभा राहून डोकं वर-खाली करत राहायचा, तासन्‌तास. लोक त्याचा व्हिडिओ काढायचे, हत्ती नाचतोय म्हणून. २०२५ मध्ये त्याला तिथून हलवलं, तेही दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातच, टल्साला.

मामा : पाच गुंठे हा किमान आकडा आहे, त्यावर समाधान मानणाऱ्याला मी हत्ती देणार नाही. पण जागेइतकाच वेळ महत्त्वाचा. रानात हत्ती दिवसातले सोळा-अठरा तास चरतो. कैदेत चारा पुढ्यात टाकला की तो दोन-तीन तासांत संपतो. मग उरलेल्या वेळाचं काय? डोकं हलवणं तिथून सुरू होतं. म्हणून चारा जाळीत भरून मान उंच करून ओढावा लागेल इतक्या उंचीवर टांगतात. वेगवेगळ्या जागी, घड्याळ लावलेल्या पेट्यांतून, रात्री-बेरात्री थोडाथोडा सोडतात. काँक्रीटऐवजी खोल वाळूची जमीन करतात. तिचा ढीग केला की जड नर त्याला टेकून आडवा होतो, झोपतो आणि धक्का न बसता उठतो. खोल्या अशा जोडायच्या की कुठेही कोंडीचा कोपरा नको. प्रत्येक खोलीला दोन वाटा, म्हणजे दुबळा नर दांडग्यापुढून निसटू शकेल. पाणवठे दोन. मध्ये मातीचे उंचवटे, एकमेकांच्या नजरेआड होता यावं म्हणून. माजावर आलेल्याला स्वतंत्र मोठं आवार, पण आवाज आणि वास इतरांपर्यंत पोचेल असं. आणि दारं सगळी लांबून चालवायची, हायड्रॉलिक.

भाची : हे सगळं ऐकून माझा मुद्दा पक्काच होतो. इतकं करावं लागतं याचा अर्थ हा प्राणी तिथला नाही.

मामा : याचा अर्थ इतकं केल्याशिवाय ठेवू नये. हे वेगळं वाक्य आहे.

भाची : बरं, मग हे सांगा. इतका खर्च करून नर ठेवतात कशासाठी? पिल्लांसाठी. पिल्लू जन्मलं की गर्दी लोटते. पण पिल्लांत निम्मे नर असणार, निसर्गाचा हिशोबच तसा. मादी-पिल्लू आयुष्यभर आईजवळ राहील, कळप वाढेल. नर-पिल्लाचं बारा वर्षांनी काय? आई आणि मावश्या त्याला दूर लोटायला लागतात. तेव्हा प्राणिसंग्रहालयाला अचानक आठवतं की याला जागा नाही. मग या शहरातून त्या शहरात, ट्रकमधून. जन्माचे पेढे वाटताना त्याच्या तारुण्याचा विचार कुणी केलेला नसतो.

मामा : युरोपात हा पेच वीस-पंचवीस वर्षांपूर्वी चांगलाच टोचला. पिल्लं होऊ लागली, नर साठू लागले. तेव्हा त्यांनी तुझ्या रानाकडूनच धडा घेतला. जर्मनीत हायडेलबर्गच्या प्राणिसंग्रहालयानं २०१० मध्ये फक्त तरुण नरांसाठी आवार उघडलं. वेगवेगळ्या ठिकाणी जन्मलेले, आईपासून सुटायच्या वयाचे नर तिथं एकत्र राहतात, दंगामस्ती करतात, ढकलाढकलीतून आपापली जागा ठरवतात आणि मोठे झाले की माद्यांच्या कळपाकडे जातात. अमेरिकेत अलाबामातल्या बर्मिंगहॅमला २०११ मध्ये आफ्रिकन नरांचा, डेन्व्हरला २०१२ मध्ये आशियाई नरांचा असा गट झाला. नराला नराची सोबत चालते, इतकंच नव्हे तर लागते, हे आता धंद्यानं मान्य केलंय.

भाची : तरुणांचाच गट केला तर त्यांना शिकवणार कोण? पिलानेसबर्गची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या अभयारण्यात, दुसरीकडे मोठ्या हत्तींना मारल्यावर उरलेली अनाथ पिल्लं आणून सोडली. त्यांतले नर वाढले, फार लवकर माजावर यायला लागले, तो माज लांबू लागला, आणि १९९२ ते १९९७ या काळात त्यांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. १९९८ मध्ये क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून सहा मोठे नर आणले. वडीलधारे समोर आल्यावर तरुणांचा माज ओसरला, गेंडे मरायचे थांबले. मैदानभर जागा होती, अन्न होतं. उणीव होती ती मोठ्या नराची.

मामा : अगदी बरोबर. म्हणून चांगल्या गटात एखादा पंचविशी-तिशी ओलांडलेला नर हवाच. पण लक्षात घे, हे ज्ञान रानातून आलं आणि कैदेतल्या नराच्या कामी आलं. तुझं आणि माझं काम एकमेकांच्या विरोधात नाही.

भाची : पिल्लांसाठीही आता नर ठेवायची गरज उरलेली नाही. व्हिएन्नाच्या शोनब्रून प्राणिसंग्रहालयात २०१३ मध्ये इक्वा नावाचं मादी-पिल्लू जन्मलं. तिचा बाप दक्षिण आफ्रिकेच्या रानातला. गोठवलेलं वीर्य विमानानं आलं, बाप रानातच राहिला. मग नर ठेवता कशाला?

मामा : इक्वा मादी होती हे त्यांचं नशीब. त्याच नळकांडीतून मुलगा झाला असता तर? वीर्य बाहेरून आणून बाप ठेवण्याचा प्रश्न टळतो, मुलगा ठेवण्याचा टळत नाही. आणि माझ्या मते नर न ठेवता पिल्लं काढणारी संस्था जास्त बेजबाबदार. तिला नराची सवय नाही, त्याच्यासाठी आवार नाही, माणसं तयार नाहीत, आणि बारा वर्षांनी दारात जवान नर उभा!

भाची : लोक विचारतात, बैलाचं करतो तसं खच्चीकरण का नाही?

मामा : कारण हत्तीचे वृषण पोटात असतात, मूत्रपिंडांजवळ. ती फार मोठी शस्त्रक्रिया होते. आता संप्रेरकांविरुद्धची लस वापरतात, तिनं माज दबतो. एखाद्या अडचणीच्या वेळी ती उपयोगाची आहे. पण जागा नाही म्हणून सगळ्या नरांचं नरपण लशीनं दाबत राहायचं, हे मला वैद्यकशास्त्र वाटत नाही. तो जागेचा तुटवडा सुईनं झाकणं झालं.

भाची : मग रानाच्या जवळ न्या ना त्यांना. कावनला नेलाच की. श्रीलंकेनं १९८५ मध्ये पाकिस्तानला दिलेलं ते पिल्लू. इस्लामाबादच्या मारगझार प्राणिसंग्रहालयात वाढला, २०१२ मध्ये जोडीदारीण सहेली मेली, आणि मग आठ वर्षं भिंतीशी डोकं हलवत उभा. २०२० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं हुकूम दिला आणि ३० नोव्हेंबरला तो विमानानं कंबोडियाच्या अभयारण्यात पोचला. आपला सुंदर घ्या. ज्योतिबाच्या देवस्थानाला २००७ मध्ये दान दिलेलं नर-पिल्लू. दारी हत्ती झुलतोय याचं सगळ्यांना कौतुक, पण तो वयात येऊ लागला तशी साखळी आखूड होत गेली. जखमा, मारहाण, मोहीम, खटला. शेवटी २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं तो बन्नेरघट्ट्याला गेला आणि तिथं त्याला इतर हत्ती भेटले.

मामा : दोन्ही नर सुटले याचा मला तुझ्याइतकाच आनंद आहे. पण कावन विमानात चढला कसा? पस्तीस वर्षांचा, माणसांवर भरवसा नसलेला नर. त्याला पिंजऱ्यात आपणहून जायला शिकवावं लागलं. खाऊ दाखवून, बक्षीस देऊन, न मारता. ती विद्या कठड्याआडून नर सांभाळणाऱ्यांनी घडवली. आणि सुंदर जिथं गेला ते बन्नेरघट्टा हेही जैविक उद्यानच आहे, रान नव्हे. चांगलं, प्रशस्त, पण माणसानं चालवलेलं.

भाची : केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं नोव्हेंबर २००९ मध्येच सांगितलं होतं की सगळ्या प्राणिसंग्रहालयांतले हत्ती वनखात्याच्या छावण्यांत किंवा पुनर्वसन केंद्रांत हलवा. ते झालं असतं तर शंकरवर ही वेळ आली नसती.

मामा : आफ्रिकन हत्तीला आपल्या छावणीत कुठे नेणार होतीस? आणि छावणी म्हणजे सुटका असं धरून चालू नकोस. छावणीत रात्री हत्ती रानात चरायला सोडतात, माद्यांना रानटी नर भेटतात, हे फार चांगलं. पण तिथल्या नरालाही माजात साखळी असते. आणि त्याच्याकडून काम काय घेतात? म्हैसूरच्या दसऱ्याची अंबारी २०१२ ते २०१९ वाहणारा अर्जुन. दसऱ्याच्या मानाच्या कामातून निवृत्त झालेल्या त्या म्हाताऱ्या नराला डिसेंबर २०२३ मध्ये रानटी हत्ती पकडायच्या मोहिमेवर नेलं. हासन जिल्ह्यात माजावरच्या टस्करानं त्याला मारलं.

भाची : हे खरं आहे, आणि ते मला बोचतं. छावणीला मी आदर्श मानत नाही. माझं म्हणणं इतकंच की जिथं चालायला रान आणि भेटायला दुसरे हत्ती आहेत, तिथून सुधारणा सुरू करणं सोपं. शहराच्या मध्यावरच्या पाच गुंठ्यांतून नाही.

मामा : ते मी मानतो. शहरातल्या दाटीत नर ठेवूच नये, यावर सही करायला तयार आहे. पण महाराष्ट्राचा विचार कर. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरतात. दोडामार्गात, सावंतवाडीत, पलीकडे गोव्यात टस्कर बागांत शिरतात. नारळी-पोफळी आडव्या होतात, माणसं मरतात, आणि गाव म्हणतं, पकडा याला. पकडला की तो नर कुणाच्या तरी भिंतीआड जाणारच. त्या दिवशी राज्याकडे काय असेल? साखळी, क्राल म्हणजे लाकडी ओंडक्यांचा पिंजरा, आणि धास्तावलेला माहूत. की वाळूचं आवार, कठडा, त्याला न मारता तपासू शकणारी माणसं आणि शेजारी दुसरे नर? तू म्हणतेस ठेवू नका. पण न ठेवण्याची चैन प्रत्येक वेळी मिळत नाही.

भाची : तो टस्कर पकडावा लागू नये म्हणून मी धडपडते, मामा. त्याची येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवली, शेतकऱ्याला भरपाई वेळेवर दिली, तर पकडायची वेळ क्वचित येईल. तुम्ही उत्तम तुरुंग बांधलात तर सरकारला पकडणं सोपं होईल, ही माझी खरी भीती आहे.

मामा : ही भीती रास्त आहे. म्हणून पकडण्याचा निर्णय आणि ठेवण्याची व्यवस्था वेगवेगळ्या हातांत असावी. पण व्यवस्था नाही म्हणून हाल होतील आणि त्या हालांच्या भयानं पकडणं थांबेल, असं म्हणशील तर ते हाल भोगणारा हत्ती कोण, हेही सांगावं लागेल.

भाची : नाही म्हणणार तसं. हाल झालेला एकेक नर मी जवळून पाहिलाय. चला, जिथं आपलं जमतं ते तरी लिहून काढू. पहिलं: एकटा नर कुठेही नाही. भेट म्हणून नाही, दान म्हणून नाही, देवळात नाही, प्राणिसंग्रहालयात नाही.

मामा : दुसरं: माजात साखळी नाही आणि उपास नाही. माजासाठी वेगळं आवार नसेल तर नर ठेवायची परवानगीच नाही. तिसरं: तपासणी कठड्याआडून, त्याच्या मर्जीनं. अंकुश बंद. आणि ही पद्धत छावण्यांत आणि देवस्थानांतही, तिथल्या माहुतांना शिकवून, पगार देऊन. माहुताचा जीवही जीवच आहे. कैदेतल्या नरानं मारलेले बहुतेक लोक तेच असतात.

भाची : चौथं: तरुण नरांबरोबर मोठा नर. पाचवं: एखाद्या संस्थेला पिल्लू हवं असेल तर त्या जन्माआधी तिनं सांगावं की मुलगा झाला तर पंधराव्या वर्षी, तिसाव्या वर्षी, पन्नासाव्या वर्षी तो कुठे असेल. जागा दाखवावी, कागद नव्हे.

मामा : मान्य. मी तर पुढे जाऊन म्हणतो, ज्या संस्थेला नर सांभाळता येत नाही तिनं माद्याही ठेवू नयेत. मादी ठेवणं सोपं पडतं म्हणून तिचं आवारही तोकडं राहतं. नरासाठी बांधलेल्या जागेत मादी सुखात राहते, उलटं होत नाही.

भाची : या कसोटीवर आज भारतातली किती प्राणिसंग्रहालयं उतरतील?

मामा : फार थोडी. म्हणून आज पिल्लं वाढवणं थांबवावं. आधी जे नर आहेत त्यांची घरं बांधावीत, ज्यांना हलवता येईल त्यांना हलवावं. ते झालं, माणसं तयार झाली, की मग प्रजननाचा विचार करावा.

भाची : इथवर मी तुमच्याबरोबर आहे, पण शेवटच्या वाक्याला नाही. आज जिवंत असलेल्या प्रत्येक कैदी नराला तुमचं ते वाळूचं आवार, कठडा आणि सोबत मिळायलाच हवी, त्यासाठी मी कोर्टातही येईन. पण तो कैदेतला शेवटचा नर ठरावा असं मला वाटतं. नवा जन्माला घालून त्याच्यासाठी इतकी यातायात करण्यापेक्षा तोच पैसा रानाच्या वाटा मोकळ्या ठेवायला जावा.

मामा : आणि मला वाटतं, माणसानं हत्ती सांभाळायची विद्या पूर्ण विसरू नये. रान आटत चाललंय, कधी काय वेळ येईल सांगता येत नाही. यावर आपलं जमणार नाही. पण तोवर पहिल्या पाच कलमांचा अर्ज तरी दोघांच्या सहीनं जाऊ दे. प्रत्येक राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाला, आणि खाली एकच प्रश्न: तुमच्या राज्यात किती नर हत्ती एकटे आहेत, आणि त्यांच्यासाठी तुम्ही काय करणार आहात?